हिमखिंडीचे राखणदार : आओस्ताचे संत बर्नार्ड

संत बर्नार्ड हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो झुबकेदार केसांचा, उदास डोळ्यांचा एक धिप्पाड कुत्रा. ज्या संतांच्या नावावरून त्या कुत्र्याला हे नाव मिळाले, ते मात्र विस्मृतीच्या बर्फाखाली गाडले गेले आहेत. आपल्यातील काही भाविकांचा आणखी एक घोटाळा होतो. सिस्टर्शियन संघाचे थोर धर्मपंडित, क्लेअरव्हॉचे संत बर्नार्ड (1090–1153) आणि आपले हे बर्नार्ड एकच, असे त्यांना वाटते. तसे नाही. आपले बर्नार्ड त्यांच्या आधीच्या पिढीतले. त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. दोन डोंगरांमधल्या एका वाटेवर त्यांनी एक घर बांधले. ते घर सुमारे साडेनऊशे वर्षांनंतर आजही उघडे आहे.

ती वाट म्हणजे आल्प्स पर्वतातील एक खिंड. उत्तरेला स्वित्झर्लंडमधील मार्टिन्यी हे गाव, दक्षिणेला इटलीतील आओस्ता हे शहर आणि दोहोंच्या मध्ये समुद्रसपाटीपासून 2469 मीटर उंचीवर ही खिंड. आता तिला ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड म्हणतात. संत बर्नार्ड यांच्यापूर्वी तिचे नाव माँ-जू, म्हणजे ज्युपिटरचा डोंगर, असे होते. रोमन लोकांनी येथे ज्युपिटर देवतेचे मंदिर उभारले होते. त्या मंदिराच्या परिसरात उत्खननात ब्राँझच्या पन्नासएक लहान पट्ट्या सापडल्या. जाणे-येणे सुखरूप व्हावे म्हणून व्यापाऱ्यांनी आणि सैनिकांनी बोललेले नवस त्यांवर कोरलेले आहेत. माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्या खिंडीत पाऊल टाकताना त्याच्या पोटात गोळा येत असे, याची ही साक्षच होय.

भीती असूनही लोक जातच होते, कारण रोमला जाणारा हा राजमार्ग होता. उत्तर युरोपातील भाविक प्रेषित पेत्र आणि पौल यांच्या समाधींच्या दर्शनासाठी याच वाटेने चालत. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक 990 साली रोमहून परतताना याच वाटेने गेले. त्यांनी टिपून ठेवलेल्या मुक्कामांच्या यादीत खिंडीच्या दोन्ही बाजूंची गावे आढळतात. दहाव्या शतकात या वाटेला दुसरेही संकट भोवले. प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावर फ्रॅक्सिनेटम येथे तळ ठोकलेल्या साराकेन टोळ्या आल्प्सच्या घाटांत यात्रेकरूंना लुटू लागल्या. 972 साली क्लूनीचे सुप्रसिद्ध मठाधिपती संत मायोलस यांनाच त्यांनी खिंडीच्या खाली ओर्सिएर गावाजवळ पकडले आणि जबर खंडणी घेऊनच सोडले. त्या घटनेने युरोप हादरला आणि पुढे लवकरच त्या टोळ्यांचा बीमोड झाला. खिंडीखालच्या बूर-सें-पिएर येथे वाटसरूंची सोय पाहणारा एक जुना मठ होता, तो मात्र या धामधुमीत उजाड झाला होता. लुटारूंची भीती सरली तरी बर्फाची भीती उरली होती आणि आसरा देणारे कोणी नव्हते.

याच सुमारास आओस्ता येथे बर्नार्ड यांचा उदय झाला. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी एक रम्य कथा सर्वत्र सांगितली जाते. सव्हॉय प्रांतातील आनसी सरोवराकाठच्या माँताँ किल्ल्यात एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांचे लग्न ठरवले. परंतु बर्नार्ड यांचे मन देवाकडे ओढले होते. लग्नाच्या आदल्या रात्री खिडकीचे गज वाकवून त्यांनी खाली उडी घेतली आणि थेट आओस्ता गाठले. पुढे खिंडीतील ज्युपिटरची मूर्ती त्यांनी फोडली आणि तेथे ठाण मांडून बसलेल्या सैतानाला आपल्या गळ्यातील स्टोलने बांधून टाकले. म्हणूनच चित्रांत आणि पुतळ्यांत त्यांच्या पायाशी साखळीने बांधलेला सैतान दिसतो. ही कथा मधुर आहे, पण इतिहाससंशोधकांच्या मते ती बर्नार्ड यांच्यानंतर कित्येक शतकांनी, पंधराव्या शतकाच्या आसपास, रचली गेली. त्याच कथेमुळे त्यांचा काळही मागे ढकलला गेला आणि जन्म 923, मृत्यू 1008 अशी वर्षे पुस्तकांत रूढ झाली. जुन्या आणि अधिक विश्वसनीय साधनांवरून ते अकराव्या शतकात होऊन गेले आणि 1081 साली निवर्तले, असे आज मानले जाते.

दंतकथा बाजूला सारल्याने संत लहान होतात असे मला वाटत नाही. उलट, उरते ते अधिक भक्कम वाटते. बर्नार्ड हे आओस्ता कॅथेड्रलचे आर्चडीकन होते, म्हणजे धर्मप्रांताच्या कारभारात बिशपांचा उजवा हात. गोरगरिबांची व्यवस्था पाहणे, धर्मग्रामांना भेटी देणे, डोंगरदऱ्यांतील खेडुतांना प्रभूचे वचन सांगणे ही त्यांची नित्याची कामे. चांगले प्रवचनकार म्हणून त्यांची ख्याती होती. आओस्ता हे खिंड उतरून येणाऱ्यांचे पहिले मोठे शहर. तेथे पोहोचणाऱ्यांत हिमदंशाने बोटे गमावलेले असत, सोबती वाटेतच हरवलेले असत आणि काही जण तर पोहोचतच नसत. आर्चडीकनच्या दारी ही दुःखे रोजची होती. दयाळू शोमरोन्याचा दाखला प्रवचनात सांगणे वेगळे आणि यरीहोच्या वाटेवर स्वतः जाऊन राहणे वेगळे. बर्नार्ड यांनी दुसरी गोष्ट निवडली.

सुमारे 1050 साली त्यांनी खिंडीच्या माथ्यावर धर्मशाळा उभारली. जुन्या रोमन मंदिराचे अवशेष जवळच होते. ही धर्मशाळा, जिला तिकडे हॉस्पिस म्हणतात, प्रवाशांचे आश्रयदाते मायराचे संत निकोलस यांना समर्पित होती. तेथे राहण्यासाठी त्यांनी व्रतस्थ धर्मगुरूंचा समुदाय जमवला. संत अगस्तीन यांच्या नियमानुसार एकत्र राहून प्रार्थना करणारे हे धर्मगुरू कॅनन म्हणून ओळखले जातात. येणारा कोण, कोठला, किती पैसेवाला, हे न विचारता त्याला अन्न, ऊब आणि अंथरूण द्यायचे, हा त्या घराचा नियम. आल्प्समधील दुसरी एक खिंड, 2188 मीटर उंचीची लिट्ल सेंट बर्नार्ड, तेथील हॉस्पिसही त्यांनीच स्थापल्याचे परंपरा सांगते.

जागेची निवड विचार करण्यासारखी आहे. पायथ्याच्या गावात धर्मशाळा बांधणे कितीतरी सोपे होते. माथ्यावर झाड उगवत नाही. सरपण खालून खेचरांवर लादून आणावे लागे. वर्षातील मोठा काळ शेजारचे तळे गोठलेले असते, पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत उतरतो आणि एका हिवाळ्यात पडणारे बर्फ एकत्र मोजले तर ते काही वर्षी 20 मीटरच्या घरात जाते. पण दुर्घटना घडतात त्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडेच. स्विस बाजूने हॉस्पिसकडे चढताना शेवटच्या टप्प्यात एक अरुंद दरी लागते. तिचे नाव काँब दे मोर, म्हणजे मृतांची दरी. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून तेथे बर्फाचे लोंढे कोसळतात. मदत करणारा दोन तास दूर असून चालणार नव्हते. आजचे विज्ञानही हेच सांगते, ते पुढे पाहू.

बर्नार्ड यांचे अखेरचे दिवस डोंगरात गेले नाहीत. 1081 साली सम्राट चौथा हेन्री पोप सातवे ग्रेगरी यांच्याविरुद्ध सैन्य घेऊन इटलीत उतरला होता. त्याला युद्धापासून परावृत्त करावे म्हणून बर्नार्ड पाव्हिया येथे त्याला भेटले, असे जुने चरित्र सांगते. सम्राटाने ऐकले नाही. परतीच्या वाटेवर नोव्हारा येथे बर्नार्ड आजारी पडले आणि जून महिन्यात तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या नावाने पर्वत ओळखला जातो, त्यांचा अंत सपाट प्रदेशात, एका अयशस्वी समेटाच्या प्रवासात झाला. नोव्हाराच्या संत लॉरेन्स मठात त्यांना पुरण्यात आले. पुढे त्यांचे अवशेष तेथील कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. नोव्हाराच्या बिशपांनी 1123 साली त्यांना संत म्हणून मान्यता दिली आणि 1681 साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांचे नाव रोमन संतनामावलीत समाविष्ट केले.

त्यांचे काम मात्र त्यांच्यामागे वाढत गेले आणि ते समजून घ्यायचे तर बर्फाचा स्वभाव थोडा जाणून घ्यायला हवा.

आपण उष्ण प्रदेशातील माणसे. वादळ ओसरले, आकाश निळेभोर झाले की संकट टळले असे आपल्याला वाटते. हिमपर्वतांत नेमके उलटे आहे. हिमवादळ थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. नव्या बर्फाचे वजन जुन्या थरांवर पडलेले असते आणि ते अजून नीट बसलेले नसते. जुन्या थरांत एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत असेल, तर त्याच्यावरचा घट्ट थर फरशीसारखा सुटा राहतो. अशा उतारावर एका माणसाचे वजन पडले की भुसभुशीत थर कोलमडतो, वरच्या थराला आडवी भेग जाते आणि शेकडो मीटर रुंदीची लादी क्षणात घसरू लागते. बहुतेक मृत्यूंत ते हिमस्खलन मृताने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते. वारा हा या कामातील मोठा कारागीर आहे. तो डोंगराच्या एका बाजूचे बर्फ उचलतो आणि आडोशाच्या बाजूला साठवतो. त्यामुळे आकाशातून वीतभरच बर्फ पडले तरी एखाद्या घळीत कमरेइतके साचलेले असू शकते. सुमारे 30 अंशांपेक्षा अधिक तिरका प्रत्येक उतार संशयास्पद धरावा, असे जाणकार सांगतात. पायाखाली धप्प असा दबका आवाज येणे, बर्फात पुढे पळत जाणारी भेग दिसणे, शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले असणे, ही परत फिरण्याची चिन्हे होत. वसंत ऋतूत ऊन चढले की ओले बर्फ वितळून कोसळते, म्हणून त्या दिवसांत पहाटे निघून दुपारपूर्वी परतायचे असते.

हॉस्पिसच्या कॅनननी हे शास्त्र पुस्तकातून शिकले नव्हते. त्यांनी ते पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आणि आपल्याच बांधवांना पुरून मिळवले होते. हिवाळ्यात ते आणि त्यांचे मदतनीस (त्यांना मारोनिए म्हणत) खिंडीच्या दोन्ही बाजूंना उतरून वाट तपासत, लांब काठ्यांनी बर्फ टोचून पाहत आणि वाटसरूंना गाठून वर आणत. धुक्यात घंटा वाजवून दिशा दाखवत. इटलीच्या बाजूच्या सें-रेमी गावातील पुरुषांकडेही प्रवाशांना वाट दाखवण्याचे आणि वाचवण्याचे काम होते. त्या मोबदल्यात त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे, म्हणून लोक त्यांना बर्फाचे सैनिक म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनन स्की वापरू लागले. ज्यांना वाचवता आले नाही, त्यांचे देह हॉस्पिसशेजारच्या शवगृहात ठेवले जात, कारण तेथील खडकाळ, गोठलेल्या जमिनीत थडगे खोदता येत नसे. त्या उंचीवरची थंडी आणि विरळ हवा कॅननांच्याही प्रकृतीवर परिणाम करी. काही वर्षांतच अनेकांना खाली मार्टिन्यीला पाठवावे लागे. काही जण तर प्रवाशांना शोधताना स्वतःच गाडले गेले. सोडवायला गेलेल्यानेच जीव गमवावा का, हा प्रश्न त्या घरात कधीच सुटला नाही आणि म्हणून कोणी जायचे थांबलेही नाही.

आता त्या कुत्र्यांकडे वळू, कारण बालवाचक त्यांचीच वाट पाहत असतील. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉस्पिसमध्ये राखणीसाठी मोठे कुत्रे पाळले जाऊ लागले. दाट धुक्यातही त्यांना वाट सापडते आणि बर्फाखालच्या माणसाचा वास येतो, हे हळूहळू लक्षात आले. त्यांतील सर्वांत नामांकित कुत्रा बॅरी (1800–1814). त्याने 40 माणसांचे प्राण वाचवले असे सांगतात. त्याचा जतन केलेला देह बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यातील दारूचे पिंप मात्र खोटे. इंग्लिश चित्रकार एडविन लँडसियर याने 1820 साली एका चित्रात ते रंगवले आणि तेव्हापासून ते कुत्र्याच्या गळ्याला चिकटले. बॅरीच्या जन्माच्या वर्षी, 1800 सालच्या मे महिन्यात, नेपोलियन सुमारे 40,000 सैनिक घेऊन ही खिंड ओलांडून गेला. कॅननांनी त्या सैनिकांनाही खाऊ घातले. आज शोधकामासाठी हलके कुत्रे आणि हेलिकॉप्टर वापरले जातात. 2005 पासून सेंट बर्नार्ड कुत्र्यांची पैदास मार्टिन्यी येथील बॅरी प्रतिष्ठान पाहते आणि उन्हाळ्यात काही कुत्रे वर हॉस्पिसला आणले जातात.

20 ऑगस्ट 1923 रोजी पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना आल्प्सवासीयांचे आणि गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. निमित्त होते रूढ परंपरेनुसार त्यांच्या जन्माला हजार वर्षे होण्याचे. ही घोषणा करणारे पोपमहोदय स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते, हे सर्वांना ठाऊक नसते. तेव्हाचे फादर आखिले रात्ती यांनी जुलै 1889 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, माँते रोझा पर्वताच्या पूर्वेकडील भीषण भिंतीवरून एका धर्मगुरू मित्रासह आणि दोन वाटाड्यांसह चढाई केली. त्या भिंतीवर एक मोठी घळ आहे. 1881 साली दामियानो मारिनेल्ली हा गिर्यारोहक आणि त्याचे दोन सहकारी तेथेच हिमस्खलनाखाली ठार झाले होते. ऊन लागण्यापूर्वी ती घळ पार केली पाहिजे हे रात्ती यांना ठाऊक होते. म्हणून मध्यरात्रीनंतर काळोखातच ते निघाले. शिखराजवळ पोहोचेपर्यंत दिवस मावळला. काळोखात उतरण्याचे साहस न करता चौघांनी कड्यावरच्या चिंचोळ्या खडकावर, 4600 मीटर उंचीवर, एकमेकांना जागे ठेवत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी शिखर पार करून ते सुखरूप झेरमाटकडे उतरले. धैर्य आणि सावधगिरी या दोन गोष्टी परस्परविरोधी नसतात, हे त्यांच्या त्या चढाईच्या वर्णनात जागोजागी दिसते. अशा माणसाच्या हातून ही घोषणा व्हावी, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

त्यानंतरच्या दशकात, 1930 नंतर, हॉस्पिसचे काही कॅनन मिशनकार्यासाठी थेट तिबेटच्या सीमेवरील चिनी प्रदेशात गेले. तेथील लात्सा खिंडीतही त्यांनी प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधायला घेतली. ती पूर्ण होऊ शकली नाही. त्यांच्यापैकी मॉरिस तोर्ने यांना 1949 साली तेथेच हौतात्म्य आले. 1993 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ते मूळचे ओर्सिएर परिसरातलेच, म्हणजे जेथे कधीकाळी संत मायोलस पकडले गेले होते तेथले.

हिमस्खलनाचे दुःख आपल्या महाराष्ट्रालाही अगदीच परके नाही. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीन हिमनदीवर सोनम चौकीवर कोसळलेल्या बर्फाखाली आपल्या सैन्याचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक सुपुत्र होता.

आता हॉस्पिसच्या गरजेचे स्वरूप बदलले आहे. 1964 साली खिंडीखालून 5.8 किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला आणि मोटारी वर्षभर त्यातून जाऊ लागल्या. वरचा रस्ता फक्त उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, खुला असतो. तरीही हिवाळ्यात माणसे हॉस्पिसला येतात. बोगद्याच्या तोंडाजवळ गाडी ठेवून सुमारे सहा किलोमीटर स्कीवर किंवा बर्फात चालण्याच्या रुंद चपला बांधून ती वर चढतात आणि त्यांना त्याच मृतांच्या दरीतून जावे लागते. पूर्वीचा वाटसरू नाइलाजाने येई, आताचा हौसेने किंवा एकांताच्या ओढीने येतो. पण बर्फाला हा भेद कळत नाही. निघण्यापूर्वी दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेचे वार्तापत्र वाचावे लागते. हिवाळ्यात ते रोज प्रसिद्ध होते आणि त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या दिलेल्या असतात. तिसऱ्या पायरीला लोक मधली समजून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात प्राणहानीचा मोठा वाटा याच पायरीवर घडतो. प्रत्येकाजवळ संदेश पाठवणारे आणि पकडणारे यंत्र, जोडून लांब होणारी काठी आणि फावडे असावे लागते. संशयास्पद उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या 10 ते 15 मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो, पण अर्ध्या तासानंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर येते. थांबलेले बर्फ सिमेंटसारखे घट्ट होते आणि आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. हेलिकॉप्टर कितीही वेगाने आले तरी ते सहसा उशिराच पोहोचते. म्हणून खरे सोडवणारे असतात ते शेजारी उभे असलेले सोबती. सुमारे 1050 साली बर्नार्ड यांनी धर्मशाळा पायथ्याला न बांधता माथ्यावर का बांधली, त्याचे हे उत्तर.

आणि वादळानंतर आकाश निरभ्र झाले, पण वार्तापत्रात धोका मोठा दाखवला असेल, तर पाहुण्याने आणखी एक-दोन दिवस थांबावे हेच उत्तम. हॉस्पिसमध्ये त्याची सोय आहे. कॅननांचा लहानसा समुदाय आजही तेथे वर्षभर राहतो, रोज मिस्सा होते आणि बर्फातून वर पोहोचणाऱ्याला आधी गरम चहाचा पेला दिला जातो.